प्रत माहितीसाठी

माझ्या गोष्टींत अंतराळयानं कमी आणि शिक्के जास्त असतात, असं एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सुनावलं होतं. खोटं नाही ते. तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात आवक-जावक सांभाळलेली बाई मंगळावर उतरली तरी आधी टपालाची वही कुठं ठेवलीय ते बघणार. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज चढले, आधी खालापूरला आणि बदली झाल्यावर कर्जतला, आणि संध्याकाळी घरी येऊन विज्ञानकथा लिहिल्या.

विषय ठरलेला. एका ग्रहावर लपलेला माणूस दुसऱ्या ग्रहाला हवा असेल, तर तो द्यायचा कसा? हे खूळ नोकरीतूनच आलं. परराज्यातले पोलीस इकडे लपलेला आरोपी न्यायला यायचे. आधी इथल्या ठाण्यात नोंद करायचे, मग आरोपीला घेऊन कोर्टापुढे उभे राहायचे. साहेब ट्रान्झिट रिमांड द्यायचे, म्हणजे याला इतक्या दिवसांत तिकडच्या कोर्टात हजर करा, असा हुकूम. त्या हुकमाला जावक क्रमांक मी टाकायची. माणूस गाडीत बसण्याआधी माझ्या वहीत बसायचा, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

गोष्टींतही मी तेच केलं. चंद्रावरच्या वसाहतीतून पृथ्वीवर माणूस न्यायचे दोन रस्ते. एक पुढच्या दारातून, करारनाम्यानं, सात शिक्क्यांनिशी. दुसरा मागच्या दारातून, मालवाहू यानात, पोत्यांच्या मागे. पुढच्या दाराचा अधिकारी माझ्या गोष्टीत नेहमी इस्त्रीच्या कपड्यांतला असायचा आणि मालवाहू यानाच्या चालकाला मी न चुकता किडके दात द्यायची. वाचकाला संशय यायला जागाच ठेवायची नाही. संशय घ्यायचं काम माझं होतं.

आणि ते मी मन लावून करते. निवृत्त झाल्यावर शेलूला नव्या इमारतीत राहायला आले, तेव्हा कोर्टातली बाई म्हणून सोसायटीनं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात घातलं. पहिल्याच आठवड्यात मी एक भाडेकरू नोंदवही सुरू केली. आला कधी, कुठून, गेला कधी, कुठं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं शेजारच्या बिऱ्हाडातले काका म्हणायचे. माझ्या समोरच म्हणायचे.

गेल्या वर्षी होळीच्या आधी दुसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू आली. तिशीच्या आतली बाई आणि पाच वर्षांची मुलगी. घरमालक मुंबईला, त्यानं फक्त फोन करून सांगितलं की ओळखीतून आल्यात. ती शेजारच्या राज्यातली, अगदी सीमेलगतच्या गावची. मराठी घरचीच, पण वाक्याच्या शेवटी जरा ओढून बोलायची. कपाळ मोकळं. नेरळला एका दुकानात शिवणकाम करायची, मुलीला बरोबर घेऊन जायची.

माझ्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. दारावर नावाची पाटी लावली नाही. आधारकार्डाची झेरॉक्स दिली ती अशी, की पत्त्याच्या दोन ओळी पांढऱ्या आलेल्या. मुलीला खाली खेळताना मी नावानं हाक मारली तर तिनं वळूनही पाहिलं नाही, आणि जिन्यावरून आईनं वेगळ्याच नावानं बोलावल्यावर धावत गेली. सोसायटीच्या पूजेला बायकांनी फोटो काढायला फोन वर केला, की ही वाकून पाणी प्यायला जायची. इतकी तहान कुणाला लागत नाही.

कर्जतच्या एका वाचनालयात महिन्याच्या एका शनिवारी आम्ही आठ-दहा जण जमायचो आणि कुणीतरी आपलं लिखाण वाचायचं. बहुतेक वेळा मीच. एकदा पाण्याच्या टाकीबद्दल बोलताना मी हे तिला सहज सांगितलं आणि पुढच्या शनिवारी ती मुलीसह हजर. दाराजवळच्या खुर्चीवर बसली. पुढं जागा असूनही उठली नाही.

मी तेव्हा चंद्रावरची नवी गोष्ट लिहीत होते. एक बाई वसाहतीत लपलीय, पृथ्वीनं तिला मागितलंय. वाचून झाल्यावर लोक नेहमीसारखे चहाकडे वळले, आणि ती माझ्याकडे आली.

"काकू, चंद्रावर उतरल्यावर कुणाला कळवावं लागतं का?"

"अर्थात. नोंद केल्याशिवाय हवा कशी मिळेल? हवा मोजून देतात तिथं."

"आणि कागद खरा, पण गुन्हा खोटा असला तर?"

"कागद खरा असेल तर गुन्हा खोटा कसा असेल?" मी म्हणाले.

ती हसली नाही. "तुमच्या गोष्टीत ते कुणी बघत नाही वाटतं," एवढंच म्हणाली आणि मुलीच्या वेणीचं रिबन बांधत बसली. मला राग आला. एक तर माझ्या गोष्टीला नावं ठेवली, आणि वर असला प्रश्न साधं माणूस विचारत नाही. हिनं काहीतरी केलंय, असं मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. परतीच्या लोकलमध्ये ती माझ्या समोरच बसली होती, आणि मी शेलूपर्यंत तिच्या हातांकडे बघत होते. काय शोधत होते देव जाणे.

आता मी केलं ते सांगते. कुणी कान धरून करायला लावलं नव्हतं.

भाडेकरूची माहिती आपल्या ठाण्यात द्यायची असते, तशी मी दिली. तिथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. पण अर्जात मूळ गावाचा रकाना होता, आणि तिचा अर्धाच भरलेला. अर्धा रकाना मला रात्री झोपू देत नाही. मी तिच्या मुलीला चॉकलेट देऊन गावाचं नाव काढून घेतलं. लिहिताना आजही लाज वाटते, पण काढून घेतलं खरं. मग त्या गावाला कोणतं ठाणं लागतं ते शोधलं, रकाना पूर्ण केला, आणि आपल्या ठाण्याला तसं पत्र लिहिलं. सही केल्यावर हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. तीस वर्षं प्रत्येक पत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात मी जे लिहिलं, तेच त्यानं आपोआप लिहिलं: प्रत माहितीसाठी सविनय सादर. आणि पुढं त्या परराज्यातल्या ठाण्याचा पत्ता. कुणी मागितली नव्हती ती प्रत. नियमातही नव्हती. पण प्रत न काढता पत्र पाठवणं मला हात न धुता जेवायला बसल्यासारखं वाटतं.

सोमवारी स्पीड पोस्टानं टाकली. गुरुवारी ती जिन्यात भेटली तेव्हा मी कौतुकानं तिला सांगितलंही. "तुमचा अर्ज पूर्ण करून टाकला हो. तुमच्या गावच्या ठाण्यालाही एक प्रत गेलीय, आता कसली अडचण नाही."

तिच्या हातात भाजीची पिशवी होती. तिनं ती पायरीवर ठेवली.

"कधी टाकली?"

"सोमवारी."

तिनं बोटांवर दिवस मोजले. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काकू, तुम्ही काही अर्धं ठेवतच नाही," आणि खालीच बसली.

तिथंच जिन्यात तिनं मला सगळं सांगितलं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला. सासरच्यांनी ठरवलं की धाकट्या दिराशी लग्न लावायचं, म्हणजे सून घरात राहील आणि नात घरात राहील. ही नाही म्हणाली. मग मुलीला आजीजवळ झोपवायला लागले, शाळेतून आणायला दीर जायला लागला. एक दिवस हिनं मुलीला उचललं आणि निघाली. अंगावरचे दागिने माहेरचे, स्वतःचे. दिरानं ठाण्यात फिर्याद दिली की वहिनीनं घरातले दागिने चोरले आणि पोर पळवली. तिथलं कुणीतरी त्याच्या रोजच्या बसण्याउठण्यातलं होतं.

"मला नेलं तर मुलगी त्यांच्याकडे राहील," ती म्हणाली. "मला सोडतील नंतर. तिला नाही सोडणार."

यावर माझ्यासारख्या बाईनं काय म्हणावं? मी म्हणाले, "दागिन्यांची पावती आहे का?"

हो, हेच म्हणाले. मला तिची कहाणी फारच जुळलेली वाटली. कोर्टात अशा कितीतरी ऐकल्यात, रडत सांगितलेल्या, आणि पुढं खोट्या निघालेल्या. मी तिला म्हटलं, तुम्ही निर्दोष असाल तर कागदच तुम्हाला वाचवेल. ते आले तर आधी इथल्या ठाण्यात नोंद करतील, मग कोर्टात आणतील, तिथं तुम्ही साहेबांना सगळं सांगा. पळालात तर चोर ठराल. इतकं ठासून सांगितलं की तिनं भरायला काढलेली बॅग परत ठेवली. हात दाखवून अवलक्षण कसं करायचं, ते माझ्याकडून शिकावं.

शनिवारी वाचनाचा दिवस होता. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. ती मुलीला घेऊन दुपारच्या गाडीनं पुढं गेली होती, मी गोष्टीचं शेवटचं पान उतरवून मागून निघणार होते. तेवढ्यात वॉचमननं खालून हाक दिली. दोन पाहुणे आलेत, सेक्रेटरींना विचारतात.

फाटकाशी पांढरी गाडी होती, नंबर बाहेरचा. एक जण तरणा, केस बारीक कापलेले, हाफ शर्ट आणि खेळाचे बूट. दुसरा तिशीतला, पांढऱ्या शर्टातला, फार नम्र.

"नमस्कार मॅडम. मी मुलीचा काका. वहिनी जरा रागावून आल्यात हो. घरचे काळजीत आहेत. तिला समजावून न्यायला आलोय." मग तरण्याकडे बोट. "हे ठाण्यातले."

"इथल्या ठाण्यात नोंद केलीत का?" मी विचारलं.

"करू की नंतर. घरचंच प्रकरण आहे."

त्यानं मोबाइलवर एका वॉरंटचा फोटो दाखवला. मी चष्मा लावून वाचला. कागद खरा दिसत होता. कलम होतं, कोर्टाचं नाव होतं, सही होती. आणि एक क्षण, मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हणजे माझा संशय बरोबर होता. बाई चोरच होती.

मग त्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "आणि हे तुमचंच पत्र ना? तुमचे फार उपकार झाले बघा."

मी हातात घेतलं. माझं अक्षर. डाव्या कोपऱ्यात प्रत माहितीसाठी. मी ते उलटं केलं, पाठ बघितली, परत सुलट केलं. आवकचा शिक्का कुठंच नव्हता. सरकारी टपाल उघडलं की त्यावर आधी आवकचा शिक्का पडतो, तारीख आणि क्रमांक पडतो, मगच ते पुढच्या माणसाच्या टेबलावर जातं. झाडूवाल्यालाही माहीत असतं हे. या पत्रावर काही नव्हतं. ते त्या ठाण्याच्या वहीत कधी बसलंच नव्हतं. कुणीतरी पोस्टमनच्या हातातून घेऊन सरळ दिराच्या खिशात घातलं होतं.

वॉरंट माझ्या डोळ्यांना खरं दिसलं, पण माझंच पत्र मला खरं सांगून गेलं. ही माणसं तिला कुठल्याही कोर्टापुढे उभी करणार नव्हती. मुलीला गाडीत घालणार होती, आई आपोआप मागं बसणार होती, आणि चौक गावावरून गाडी मोठ्या रस्त्याला लागली की कुणाच्याही वहीत कसलीही नोंद राहणार नव्हती. आणि त्यांना पत्ता मी दिला होता. पिनकोडसकट.

"त्या गेल्या," मी म्हणाले.

"कधी?"

"महिना झाला."

"मॅडम, पत्र तर गेल्या सोमवारचं आहे."

बारीक केसांचा हसला. म्हणाला, नोंदवही दाखवा. वॉचमननं आज्ञाधारकपणे ती आणून माझ्या हातात दिली. गेल्याची तारीख हा रकाना कोरा होता. तीस वर्षांत माझ्या हातून एक रकाना कोरा गेला नव्हता, आणि मी त्या दोघांसमोर मान खाली घालून म्हणाले, "नोंद करायची राहिली. वय झालं आता. पत्रसुद्धा जुन्या यादीवरूनच लिहिलं." आयुष्यात मी एवढं मोठं खोटं बोलले नव्हते, आणि त्यातलं सगळ्यांत जड वाक्य होतं ते नोंद राहिली हे.

त्यांनी विश्वास ठेवला असं मला वाटत नाही. ते गाडीत जाऊन बसले आणि गाडी हलली नाही. मी वर जाऊन गोष्टीची पानं पिशवीत घातली, छत्री घेतली आणि मागच्या भिंतीच्या फटीतून बाहेर पडले. त्या फटीबद्दल मीच बिल्डरला चार पत्रं लिहिली होती, प्रतींसह. स्टेशनावर गेले असते तर फाटकावरून दिसले असते, म्हणून शेतातून रस्त्याला लागले, नेरळपर्यंत एक रिक्षा आणि पुढं कर्जतपर्यंत दुसरी. प्रत्येक पांढऱ्या गाडीला मी खाली वाकत होते. रिक्षावाल्यानं विचारलं, "काकू, चक्कर येतीय का?" हो म्हणाले. त्याच्यावरही माझा संशय होता.

वाचनालयात माझी वाट बघत सगळे बसले होते. ती दाराजवळ. मला बघितल्यावर ती काही न विचारता उठली, मुलीच्या चपला हातात घेतल्या आणि मुलीला काखेत. तिनं ती खुर्ची का धरली होती, ते मला तेव्हा कळलं.

पण न्यायचं कुठं? माझ्या घरी येणं शक्य नव्हतं. वाचनालयातल्या कुणाकडे सोडावं तर एकाचं घर स्टेशनासमोर आणि दुसऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेव्हा मला बाजारात करवंदं घेऊन बसणारी वाडीवरची बाई आठवली.

तिची-माझी ओळख जुनी आणि भांडणाची. पळसदरीच्या धरणाच्या वर डोंगराच्या पायथ्याला तिची वाडी. मधून एक ओढा जातो, अलीकडे कर्जत तालुका, पलीकडे खालापूर. माझ्या नोकरीच्या दिवसांत तिच्या सासऱ्याच्या नावाचं लाकूडतोडीचं एक समन्स होतं. ते कर्जतकडून गेलं की बेलिफ शेरा मारून आणायचा, इसम हद्दीत राहत नाही. खालापूरकडून पाठवलं तरी तोच शेरा. चार वर्षं ते समन्स माझ्या टेबलावर येऊन मला वाकुल्या दाखवत होतं. पुढं हिनंच मला बाजारात हसत हसत सांगितलं, "अलीकडनं आला का आमी पलीकडं जेवाया, पलीकडनं आला का अलीकडं. म्हातारा तर चूलच घेऊन फिरं." मी तेव्हा तिच्यावर इतकी चिडले होते की दोन वर्षं तिच्याकडून करवंदं घेतली नाहीत.

ती टोपली आवरत होती. पळसदरीकडं जाणारा बायकांचा टेंपो उभाच होता. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की या दोघींना काही दिवस ठेवायचंय, आणि कुणाला कळता कामा नये.

तिनं बाईकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "तुमी सांगताय, बाय? तुमी तर आमच्या म्हाताऱ्याला धराया कागद धाडीत हुता."

"हो. मीच."

"मंग आता हिला कोन कागद धाडतंय?"

"तोही मीच धाडला," मी म्हणाले, आणि भर बाजारात मला रडू आलं.

तिनं मला रडू दिलं. समजावलं वगैरे काही नाही. मुलीला उचलून टेंपोत बसवलं, तिच्या ओंजळीत उरलेली करवंदं घातली आणि म्हणाली, "आमच्याकडं गाडीरस्ता नाय. वारंट आलं तरी चालतच येनार. कुत्री आदी भुकतील." टेंपोत रिकाम्या टोपल्यांच्या मागे त्या दोघी बसल्या. मी गोष्टीत शंभर वेळा लिहिलेलं दृश्य. पोत्यांच्या मागे माणूस. चालकानं वळून विचारलं, "झालं का गं, बसल्या का समद्या?" मी त्याचे दात बघितले. चांगले पांढरेशुभ्र होते.

टेंपो निघताना मुलीच्या आईला एकच सांगितलं. पुढं कुठं गेलात तर मला कळवू नका. मला कळलं की मी लिहून ठेवते.

आणि खरं सांगू का, टेंपो वळणाआड गेल्यावरही मनात आलंच, ही खरोखर चोर असली तर? माझा स्वभाव काही एका दुपारीत धुऊन निघाला नाही.

सोमवारी मी आमच्या हद्दीतल्या ठाण्यात जाऊन लेखी अर्ज दिला. परराज्यातली दोन माणसं इथं नोंद न करता एका बाईला न्यायला आली होती, वगैरे. तिथल्या फौजदारबाईंनी तो शांतपणे वाचला, नोंद केली आणि गाडीचा नंबर दोनदा विचारून घेतला. सही केल्यावर माझं पेन नेहमीसारखं डाव्या कोपऱ्याकडं गेलं. मी ते उचललं आणि टोपण लावलं. एका ओळखीच्या वकीलबाईंना वाडीवर पाठवलं. त्यांनी अटकपूर्व जामिनाचं काय ते बघितलं. कुठल्या कोर्टात आणि कधी, हे मी विचारलं नाही. पांढरी गाडी आणखी दोनदा आली, फाटकासमोर थांबली आणि गेली. पावसाळा लागल्यावर वाडीवरची बाई टाकळ्याची भाजी घेऊन बाजारात दिसली, आणि नुसतं म्हणाली, "पाखरं उडाली." मी कुठं ते विचारलं नाही. जीभ चावून परत आले.

त्या वर्षीच्या दिवाळी अंकातली माझी गोष्ट आखूड झाली. संपादकांचा फोन आला, या वेळी शिक्के कुठं गेले? म्हटलं, संपले.

दिवाळी झाल्यावर एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पोस्टाचा शिक्का पुसट. आत वहीचं एक पान. काकू, आम्ही बऱ्या आहोत. मुलगी शाळेत जाते. ज्या ताईंकडे होतो त्यांचा नंबर माझ्याकडून हरवला, तेवढा पाठवाल का. खाली एका दुकानाचा पत्ता. आणि डाव्या कोपऱ्यात: प्रत, कोणालाही नाही.

मी ते पान किती वेळा वाचलं असेल. तिचं अक्षर मी अर्जावर एकदाच पाहिलं होतं, तेही छापील वळणाचं. शेवटची ओळ तिचीच वाटत होती, असली चिमटा काढणारी. पण ती प्रत दिरानंही पाहिली होती. खिशात बाळगली होती. त्याला नंबर मिळाला तर वाडी मिळेल, वाडी मिळाली तर पुढचा माग मिळेल. आणि ती खरीच असेल तर? परक्या गावात एक बाई रोज दुकानात जाऊन विचारत असेल, माझं काही आलंय का. काकूंनी साधा एक नंबर पाठवला नाही. मी दोन वेळा पाकिटावर पत्ता लिहिला आणि दोन्ही पाकिटं फाडली. उत्तर दिलं नाही. माझ्या हातून उत्तराविना राहिलेलं ते पहिलंच टपाल. ते मी गोष्टींच्या कागदांत ठेवलं, आणि सगळा हिवाळा त्या कपाटाकडं बघायचं टाळलं.

या वर्षी करवंदं आली तेव्हा बाजारात गेले. वाडीवरच्या बाईनं मला बघून लांबूनच हात केला. शेजारणीला टोपलीवर बसवलं आणि मला झाडाखाली घेऊन गेली.

"तिचा फोन आलेला," ती म्हणाली. "वकीलबायकडनं नंबर घेतला तिनं माजा. पोरगी माज्याशी बोलली, करवंदं मागत हुती."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमास्नी पत्र धाडलं हुतं म्हने. धाडलं आन् मंग तिला भ्या वाटलं. जवाब कुनाच्या हातात पडंल, काय ठाव? महिनाभर दुकानाकडं फिरकली नाय. मंग दुकानवाल्याला इचारलं तर काय बी आलेलं नाय."

"रागावली असेल," मी म्हणाले.

"कशाची रागवतीय? हसली किती!" ती टोपलीतलं एक पान घेऊन वारा घ्यायला लागली. "म्हनाली, काकूंनी जवाब नाय दिला ना? मंग शिकल्या त्या."